खारबोरगावची मासोळी

आमचे हे एसटीतून उतरले ते पोटाशी पिशवी धरूनच. अंगात नवा शर्ट, पायांत बूट, आणि दोन्ही हातांत प्लास्टिकची फुगलेली, पाण्यानं भरलेली पिशवी. कंडक्टरनं मागून त्यांची बॅग टाकली ती धुळीत लोळली, तरी हे वाकले नाहीत. मला पाहून म्हणाले, "आधी ही धर. मुंबईपासून मी हात हलवला नाही."

पिशवीत अंगठ्याएवढी मासोळी होती. रंग असा निळा की आमच्या गावात तसा निळा रंग फक्त लग्नाच्या मांडवात दिसायचा, आणि शेपूट पिवळंजर्द. मी पिशवी उन्हात धरली तशी ती गर्रकन फिरली आणि माझ्याकडं तोंड करून थांबली. मी तिला तिथंच बजावून ठेवलं, की बाई गं, तुझ्यावर माझ्या भावाचं लग्न ठरायचं आहे, तेव्हा नखरे करायचे नाहीत.

हे काही मी गमतीनं म्हणत नव्हते. आमचं माहेर खारबोरगाव, पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणा की बोअर मारा, पाणी लागणार ते खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि त्या पाण्यापायी आमच्या गावात कोणी मुलगी देत नाही. गावाच्या नावातच खार, तेव्हा दडवायचीही सोय नाही. माझा भाऊ दिगंबर तिशी ओलांडून बसला होता. घरची शेती, गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आलेली स्थळं जेवून जायची, हात धुताना पाणी तोंडाला लागायचं आणि मग महिनाभर निरोप यायचा नाही. आईनं मोजणं सोडून दिलं होतं.

त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याकडचं स्थळ आलं. मुलगी मंदा काळमेघ. तिकडं संत्र्याच्या बागा, विहिरीला गोडं पाणी, त्यामुळे माणसंही जरा ताठ. दिगूनं तिला एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना तिनं त्याला विचारलं होतं, तुम्ही हसत काहून नाही, दात दुखते काय? तेव्हापासून हा डेअरीत दुधाच्या दाटपणाची डिग्री चुकीची लिहू लागला. मी त्याची मोठी बहीण, अमरावतीला दिलेली. मला हा रोग समजायला डॉक्टर लागला नाही.

दिवाळीत मंदाचे वडील, वामनराव, आमचं घर पाहायला आले. शेत पाहिलं, गोठा पाहिला, पुरणपोळी जेवले. मग पान लावता लावता चारचौघांत म्हणाले, "घर चांगलं हाये, पोरगा चांगला हाये. पण तुमच्या पाण्यात मासोळी जगत नाही, तं माही पोरगी कशी जगन?"

बाबांनी मान खाली घातली. दिगूनं तर आधीच घातलेली होती. मी दारामागं उभी होते, मला राहवलं नाही. म्हटलं, "अन् जगली तं?"

वामनराव हसले. म्हणाले, "जगली तं पोरगी देतो. तुळशीचं लग्न लागलं की येतो पाहाले. मासोळी फिरताना दिसली पाहिजे, तरंगताना नाही."

सगळे हसले, पण शब्द चारचौघांत पडला होता. दिगू म्हणाला, नदीतली एखादी आणून टाकू. मी त्याला वेड्यात काढलं. नदीतली मासोळी आपल्या विहिरीच्या पाण्यात मेली तर? त्यापेक्षा जिच्या सात पिढ्या खाऱ्या पाण्यात गेल्या अशीच आणावी, समुद्रातली. कोणती मासोळी ते वामनरावांनी कुठं सांगितलं होतं? आमचे हे बँकेच्या ट्रेनिंगला मुंबईला जाणारच होते. समुद्री मासे पाळायला विकणारं दुकान तिथं असतं, हे मी एका मासिकात वाचलं होतं. ह्यांनी नाही म्हणून पाहिलं, मग म्हणून पाहायचं सोडलं.

तर अशी ती मासोळी आली. अमरावतीहून काचेची पेटी आणि हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र आधीच आणून ठेवलं होतं. बाबांनी स्वतः विहिरीचं पाणी शेंदलं, चार पदरी फडक्यानं गाळलं. मी पिशवी सोडली. मासोळी दोन चकरा मारून काचेशी आली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ज्या पाण्याला नावं ऐकली, त्यात समुद्राहून आलेली पाहुणी फिरत होती. बाबा सगळ्या गल्लीला सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासोळी तळाशी एका कुशीवर कलंडून पडली होती. कल्ले धापा टाकत होते, निळ्याचा काळपट झाला होता, अंगावर शेंबडासारखा पातळ थर. आईनं घातलेली कणकेची गोळी तशीच तरंगत होती. दिगूनं काचेवर टिचकी मारली तर तिनं नुसता डोळा फिरवला.

मग काय, सगळी गल्ली डॉक्टर झाली. कोणी म्हणालं प्रवासाचा शिणवटा आहे. कोणी म्हणालं एकटीला करमत नसेल, काचेला आरसा लावा. आम्ही आरसाही लावला. तिनं त्याच्याकडं पाठ केली. गुरांचे डॉक्टर डेअरीवर आले होते, त्यांना दिगू हात धरून घेऊन आला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, बैल असता तर मी सुई टोचली असती, हिला टोचू कुठं? आईचं म्हणणं सरळ होतं, दृष्ट लागली. बाबांना कोणी सांगितलं होतं गल्लीभर मिरवायला? तिनं मीठ-मिरच्या घेतल्या, पेटीवरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, पापी चांडाळाची असं सगळं म्हणून ते मीठ चुलीत टाकलं. आज आठवलं की मला हसू आवरत नाही. मुठीतलं मीठ तिनं चुलीऐवजी पेटीत टाकलं असतं, तर निम्मं काम तिथंच झालं असतं.

पण ते तेव्हा कोणाला कळणार? सगळ्यांच्या मनात एकच होतं. शेवटी बाबाच बोलले. "काळमेघ खरं बोलले," म्हणाले. "आपल्या पाण्यानं मारलं तिले. समुद्रातलीले सोसलं नाही एवढं आपलं पाणी खारं."

दिगू उठला. सायकलला दोन कॅन बांधले आणि निघाला. आमच्याकडं पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यासाठी गोडं पाणी आणायची रीत होती. नदीपलीकडं कोसभरावर एका मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती, तिथून आणायचं. घरचं कोणी ते पाणी पीत नसे, तापात पडलं तरच. दिगू घामानं निथळत आला, पेटीतलं अर्धं पाणी काढलं आणि ते गोडं पाणी हळूहळू, वाटीवाटीनं तिच्यात ओतलं. वर म्हणतो कसा, "पी बाई. आता बरं वाटन."

मासोळीनं दोन उचक्या दिल्यासारखं केलं आणि पार आडवी झाली.

तिथं माझं डोकं चालायला लागलं. खाऱ्यानं मरत होती, तर गोड्यानं सुधारायला हवी होती. ही तर आणखी खालावली. मी ओसरीवर आले. आमचे हे पेपर वाचत बसले होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. मी पेपर खाली केला आणि विचारलं, दुकानदारानं काय काय सांगितलं होतं?

ह्यांनी आधी सगळं सांगितलं म्हटलं. मग बरंचसं सांगितलं म्हटलं. मी तशीच उभी राहिले.

"एक मिठाचं पाकीट देत होता," हे म्हणाले. "खास. पाण्यात घालायचं."

"मग?"

"मग काय? मी त्याला म्हटलं, अरे, मी खारबोरगावचा जावई. आम्हाला मीठ विकतोस?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या ह्यांनी आयुष्यात एवढा एकदाच सासरचा अभिमान धरला, तोही चुकीच्या ठिकाणी. पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं, आणि बाबा असते तर दुकानदाराशी भांडले असते.

पिशवीवर दुकानाचा नंबर छापलेला होता. आम्ही तिघं एसटीडीवर गेलो. दुकानदार शांत माणूस होता. मासोळी कशात ठेवलीय, त्यानं विचारलं. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात, हे म्हणाले. खारं म्हणजे किती? आता ह्याचं उत्तर काय देणार? लय खारं, दिगू मागून म्हणाला. दुकानदार म्हणाला, लय नको, आकडा सांगा. साध्या पाण्याचं वजन एक धरलं तर ह्या माशाला एक पॉइंट झीरो चोवीस लागतं. मीठ घालायचं ते आयोडीनचं नको, जाडं मीठ घाला, आणि एकदम घालू नका.

ह्यांनी फोन ठेवला. दिगू पुटपुटत होता, एक पॉइंट झीरो चोवीस, एक पॉइंट झीरो चोवीस. मग एकदम थांबला. म्हणाला, "बाई, हे तं चोवीस डिग्री झाली. पाणी घातलेल्या दुधाची."

आणि डेअरीकडं पळाला. दूध तोलायची ती काचेची नळी, लॅक्टोमीटर, घेऊन आला. चांगल्या दुधात ती अठ्ठावीसपर्यंत वर राहते, पाणी घातलेल्या दुधात खाली जाते, निव्वळ पाण्यात शून्यावर बसते. ह्या नळीनं त्यानं गावातल्या भल्याभल्यांची दुधातली लबाडी पकडली होती. त्यानं विहिरीच्या पाण्याची बादली भरली, नळी सोडली. ती खाली गेली, खाली गेली, आणि जवळजवळ बुडालीच.

"तीन," दिगू म्हणाला.

बाबा पुढं आले. चष्मा पुसला, वाकून पाहिलं. म्हणाले, "चोवीस पाहिजे अन् आपलं तीन? पुन्हा लाव."

पुन्हा लावली. तीनच. बाबांनी विहिरीचं ताजं पाणी शेंदलं, त्यातही तीन. पेटीत लावली तर त्याहून खाली, कारण दिगूनं त्यात कोसभरावरून गोडवा आणून ओतला होता. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्या खारटपणापायी त्यांनी उभा जन्म मान खाली घातली, तो मोजायला गेलं तर पाणचट निघाला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते चक्क रागावले. नळी बिघडली असेल म्हणाले, डेअरीची वस्तू, तिचा काय भरवसा?

म्हणजे त्या बिचारीला आमचं पाणी खारं पडलंच नव्हतं. गोडं पडलं होतं. आणि ती गोड्यानं गुदमरत असताना आम्ही तिला आणखी गोडं पाजत होतो.

त्या दिवसापासून दिगूनं पेटीपाशी ठाण मांडलं. किराण्यातून जाडं मीठ आणलं, तर दुकानदारानं विचारलं, इतकं मीठ घेऊन कोणाचं लोणचं घालता? विहिरीच्या पाण्यात मीठ विरघळवायचं, नळी लावायची, वाटीभर पेटीत सोडायचं, मग थांबायचं. डेअरीतून आला की आधी पेटी, मग जेवण. आठ डिग्री झाली, बारा झाली. पंधराला मासोळी सरळ उभी राहिली. वीस झाली त्या दिवशी तिनं उकडलेल्या अंड्याचा कण गिळला आणि आई देवापुढं साखर ठेवून आली. दृष्टच होती, ती म्हणाली, उतरायला वेळ लागला एवढंच. चोवीस झाली आणि निळा रंग परत आला. दिगू जवळ आला की ती काचेशी येऊन वरखाली करायची, आणि दिगू, ज्याला कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो तिच्याकडं पाहून दात दाखवायचा. दुखत नव्हते म्हणजे.

तुळशीचं लग्न लागलं आणि वामनराव आले. बरोबर त्यांची बायको आणि मंदा. मुलीनं मुलाच्या घरी आधी यायची रीत नाही, पण मासोळी पाहायला यायला कोणाची हरकत? असं मंदानंच घरी सांगितलं होतं म्हणे. मला पोरगी तिथंच पसंत पडली.

मी आधीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर मी बोलेन. मिठाचं पोतं आईच्या खाटेखाली सरकवलं होतं. बाबांना लॅक्टोमीटर आत ठेवायला सांगितला होता. वामनराव पेटीसमोर बसले. मासोळी, गुणाची बाई, अशी झोकात फिरली की मी मनातल्या मनात मांडव घातला. वामनरावांनी काचेला बोट लावलं, ती बोटाच्या मागं मागं गेली. मग दिगूकडं वळून म्हणाले, "हे तुमच्या विहिरीचंच पाणी हाये ना?"

मी तोंड उघडलं होतं. पण दिगू माझ्याआधी बोलला. "विहिरीचं हाये," म्हणाला. "पण मीठ घातलं त्यात."

मी त्याला कोपरानं असं ढोसलं की दुसरा असता तर कळवळला असता. पण ह्या माणसाला खरं बोलायची सुरुवात झाली की थांबता येत नाही. त्यानं सगळं सांगितलं. मासोळी कशी आडवी पडली, आपलं पाणी तिला कसं कमी खारं पडलं, नळी तीनवर कशी बसली. बाबांनी तर आतून लॅक्टोमीटरच आणला आणि पुरावा म्हणून हातात धरून उभे राहिले. आई पदरानं तोंड झाकून बसली. आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

वामनराव उठले. टोपी घातली. आवाज चढवला नाही, ते त्याहून वाईट. म्हणाले, "म्हणजे मासोळी तुमच्या पाण्यात जगली नाही. मी म्हटलं तेच झालं. पैज मी जिंकलो."

मी म्हणून पाहिलं, की काका, आमचं पाणी वाईट असतं तर खारं म्हणून वाईट असतं, ते तर मोजून गोडं निघालं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. दिगू उभा होता तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मला एकीकडं त्याचा गळा दाबावासा वाटत होता आणि एकीकडं रडू येत होतं, कारण मला माहीत होतं, आता हा पुन्हा कोणतं स्थळ पाहणार नाही.

तेवढ्यात मंदा बोलली. ती अजून पेटीपाशीच बसलेली होती. तिनं दिगूला विचारलं, "मासोळी आडवी पडली तवा तुम्ही काय केलं?"

"गोडं पाणी आणून घातलं," दिगू म्हणाला. "चुकलंच थे."

"कुठून आणलं?"

"नदीपलीकडून. मळ्यातून."

"कशानं?"

"सायकलनं."

"थे पाणी तुम्ही पेता?"

दिगूनं मान हलवली. घरी नाही पीत, म्हणाला, ते पाहुण्यासाठी असतं.

मंदा पदर सावरत उठली आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे लोक मासोळीले गोडं पाणी पाजून मारून राहिले होते. मले पाजतीन तं मी जगीन."

वामनरावांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. वामनराव लेकीकडं पाहत होते. मग दिगूकडं पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या त्या नळीकडं. शेवटी टोपी काढली आणि खाली बसले.

"पैज मी जिंकलो," ते बाबांना म्हणाले, "अन् पोरगी हरलो. असा सौदा तुम्ही कुठं पाह्यला काय?"

बाबा हातातली नळी पुसायला लागले. आईला मात्र सुचलं. पाहुणा बसला की पाणी द्यायचं, एवढं तिला सगळ्या गोंधळातही कळत होतं. तिनं आतून विचारलं, पाणी कोणतं आणू?

"घरचं आणा," वामनराव म्हणाले.

आईनं विहिरीचं पाणी गडूत भरून आणलं. वामनरावांनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की मंदा खुदकन हसली. पण गडू रिकामा होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.